मधला मजला

आमच्या घरात टेनिस आलं ते माझ्या सासऱ्यांमुळे. माझं माहेर सांगलीकडचं. क्रिकेट, कबड्डी आणि तालमीतली कुस्ती, एवढेच खेळ मला ठाऊक. लग्न होऊन इंदूरला आले, तेव्हा पहिल्याच महिन्यात अण्णांनी विचारलं, "सूनबाई, डेव्हिस कप म्हणजे काय, माहीत आहे का?" मी म्हटलं, "चहाच्या कपांची कंपनी असेल." अण्णा इतके हसले की सासूबाई लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या.

मग अण्णांनी मला जे समजावलं, तेच मी आजही इतरांना समजावते. डेव्हिस कप ही पुरुषांची, देशादेशांमधली टेनिसची स्पर्धा. १९०० साली अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात सुरू झाली. भारत तीत १९२१ पासून खेळतो. पुढे देश इतके वाढले की सगळ्यांना एकत्र खेळवणं जमेना. म्हणून १९८१ पासून तिचे मजले पाडले. सगळ्यात वर जागतिक गट, त्यात फक्त १६ देश. त्याखाली इमारतीचे तीन भाग: युरोप-आफ्रिकेचा, अमेरिका खंडांचा आणि आपला आशिया-ओशनियाचा. प्रत्येक भागाला पुन्हा आपापले मजले. गट एक, गट दोन, आणि त्याच्याही खाली आणखी.

"आपण कुठे राहतो?" मी विचारलं होतं.

"आपण बहुतेक वेळा आशिया-ओशनिया, गट एक. म्हणजे मधला मजला," अण्णा म्हणाले. "वरच्या मजल्यावर जायचा जिना दिसतो आणि खालच्या मजल्यावर घसरायची भीतीही असते. आपल्यासारख्या माणसांचा मजला आहे हा!"

अण्णा मूळचे पुण्याचे. वाड्यात वाढले, नोकरीसाठी इंदूरला आले आणि इथलेच झाले. त्यांच्या या वेडाचं मूळ १९७४ सालात होतं. त्या वर्षी भारताने आधी कलकत्त्यात ऑस्ट्रेलियाला ३-२ असं हरवलं. ती लढत एवढी लांबली की तीत तब्बल ३२७ गेम खेळले गेले. मग सप्टेंबरात सोव्हिएत संघाविरुद्धची उपांत्य लढत पुण्यात झाली. अण्णा तेव्हा कॉलेजात होते. विजय आणि आनंद अमृतराज यांचा खेळ त्यांनी तिथे पाहिला. ती लढत जिंकून भारत अंतिम फेरीत गेला. पण समोर दक्षिण आफ्रिका होती, आणि तिथलं सरकार काळ्या लोकांना माणूस म्हणून वागवत नव्हतं. भारताने खेळायला नकार दिला. कप दक्षिण आफ्रिकेला न खेळताच मिळाला. "हातातला कप सोडला, पण मान ताठ राहिली," हे वाक्य मी अण्णांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, त्याची गणती नाही.

आजोबांचं वेड नातवात उतरलं. आमचा मुलगा सात वर्षांचा असताना अण्णा त्याला स्कूटरवर मागे बसवून कोर्टावर नेऊ लागले. मुलाचा हात चांगला होता. दहाव्या वर्षी जिल्ह्यात जिंकला, बाराव्या वर्षी राज्यात उपांत्य फेरीपर्यंत गेला. मग आमचे शनिवार-रविवार रेल्वेत जाऊ लागले. भोपाळ, रायपूर, नागपूर, ग्वाल्हेर. स्लीपर क्लासचा डबा, डब्यात दशम्या आणि लोणचं, आणि बर्थखाली जिवापाड जपलेली रॅकेटची पिशवी. रॅकेटची तार तुटली की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण ती पुन्हा विणून घ्यायचा खर्च किती, हे मला पाठ होतं.

चौदाव्या वर्षी गाडी अडली. बाकीची मुलं एकदम उंच झाली, त्यांची सर्व्हिस तोफेसारखी यायला लागली. आमचा मुलगा पहिल्या-दुसऱ्या फेरीतच बाहेर पडू लागला. दुसऱ्या शहरातल्या एका अकादमीत त्याला दाखवायला नेलं. तिथल्या प्रशिक्षकांनी अर्धा तास खेळ पाहिला आणि म्हणाले, "या वयात देशातल्या पहिल्या पन्नासात नाही, म्हणजे अवघड आहे. तरी ठेवायचं असेल तर ठेवा." वर्षाची फी सांगितली. आम्ही घराच्या कर्जासाठी बाजूला ठेवलेली रक्कम जवळजवळ तेवढीच होती.

परतीच्या गाडीत कोणी फारसं बोललं नाही. घरी आल्यावर यांचं म्हणणं पडलं की दहावी तोंडावर आहे, आता हे थांबवावं. अण्णा काहीच बोलले नाहीत. मुलगा मात्र रात्री माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आई, मी कुठल्याच यादीत नाही. मग खेळू तरी कशाला?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्या घरात खेळणारं, गाणारं किंवा चित्रं काढणारं मूल असेल, तर तुम्हालाही हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागला असेल. पहिला येणार नसेन, तर कशाला?

त्याच सुमारास बातमी आली की डेव्हिस कपची लढत आमच्या इंदुरात होणार. या स्पर्धेचं हेच तर मोठेपण आहे. यजमान देश आपल्या पसंतीचं शहर निवडतो. म्हणून विम्बल्डन आपल्या दारात कधी येणार नाही, पण डेव्हिस कप येऊ शकतो. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी २०१४, भारत विरुद्ध चिनी तैपेई. आशिया-ओशनिया विभाग, गट एक. अण्णांनी वर्तमानपत्राचं कात्रण कापून देवघराशेजारी चिकटवलं.

शुक्रवारी सकाळी पोहे-जिलबी खाऊन आम्ही तिघं निघालो. अण्णा, मुलगा आणि मी. तेव्हाची पद्धत अशी होती: एका लढतीत पाच सामने. शुक्रवारी दोन एकेरी, शनिवारी दुहेरी, रविवारी पुन्हा दोन एकेरी, पण प्रतिस्पर्धी बदलून. जो संघ तीन सामने जिंकेल, लढत त्याची. आणि प्रत्येक सामना पाच सेटपर्यंत जाऊ शकणारा.

पहिल्या दिवशी युकी भांबरीने आपला सामना जिंकला. आमच्या लक्षात राहिला तो सोमदेव देववर्मनचा सामना. समोर ती चेन नावाचा तैपेईचा खेळाडू. सोमदेव त्याच्यापेक्षा कितीतरी नावाजलेला. सगळ्यांना वाटलं, आटपेल पटकन. पण चेनने पहिला सेट टायब्रेकवर घेतला. दुसरा सोमदेवने टायब्रेकवर घेतला. तिसरा चेनने ६-१ असा सहज मारला. चौथा सोमदेवने ६-२. पाचव्या सेटमध्ये दोघं एकेक गेम घेत पुढे चालले, ऊन उतरलं, उजेड कमी झाला आणि बरोबरीतच खेळ थांबवावा लागला. उरलेला भाग दुसऱ्या दिवशी.

तिथे मी सोमदेवपेक्षा त्या चेनकडेच जास्त पाहत होते. आईचं मन, दुसरं काय! चहूबाजूंनी "इंडिया, इंडिया" चाललेलं. त्याच्या बाजूला बाकावर बसलेले मोजके सहकारी, आणि प्रत्येक गुण घेतला की तो त्यांच्याकडे बघून मूठ वळायचा. त्याचंही नाव जगातल्या मोठ्या यादीत कुठेतरी खालीच असणार. त्याच्या आईनेही कधीतरी रेल्वेत बर्थखाली पिशवी जपली असेल.

शनिवारी तो पुन्हा आला. उरला होता शेवटच्या सेटचा शेवटचा तुकडा. फार वेळ लागलाच नाही. सोमदेवने पाचवा सेट ९-७ असा जिंकला. म्हणजे चेन रात्रभर थांबला, सकाळी उठला, अंग गरम केलं, मोजे-बूट चढवले, ते एवढ्याशा खेळासाठी, आणि हरला. जाळीपाशी येऊन त्याने हात मिळवला आणि आपल्या सहकाऱ्यांजवळ जाऊन बसला. थोड्या वेळाने दुहेरी सुरू झाली. त्यात रोहन बोपण्णा आणि साकेत मायनेनी जिंकले आणि लढत आपल्या खिशात आली. शेवटी भारत ५-० असा जिंकला.

५-० हा आकडा वर्तमानपत्रात वाचला असता तर मी म्हटलं असतं, एकतर्फी झालं. पण आम्ही तिथे होतो. त्या शून्यात काय काय दडलं होतं, ते आम्ही पाहिलं होतं.

घरी येताना मुलगा म्हणाला, "आजोबा, तो चेन यादीत वर नाही, तरी सोमदेवला पाच सेट खेळायला लावलं."

अण्णा म्हणाले, "अरे, यादी घरी ठेवून यायची असते. कोर्टावर फक्त समोरचा माणूस असतो. आणि बाकावर आपली माणसं असतात. एकट्याने हरणं वेगळं आणि बाकावरच्या चौघांसाठी शेवटपर्यंत लढून हरणं वेगळं."

त्या रविवारी रात्री जेवताना निर्णय झाला. अकादमी नाही. कर्जाचे पैसे कर्जालाच. पण खेळ थांबवायचाही नाही. इथल्याच कोर्टावर, इथल्याच सरांकडे, अभ्यास सांभाळून. मुलगा फक्त एवढंच म्हणाला, "शाळेच्या संघात खेळीन." आधी शाळेच्या संघाला तो नाक मुरडायचा.

पुढची पाच वर्षं आमच्या घराने भारताच्या संघाबरोबरच काढली असं म्हटलं तरी चालेल. आणि कसली पाच वर्षं ती! २०१४ मध्ये आपण पुढे बुसानला कोरियाला हरवलं आणि वरच्या मजल्याच्या दारात, बंगळूरुला, सर्बियासमोर उभे राहिलो. ०-२ अशा पिछाडीवरून पेस-बोपण्णांनी दोन सेट गमावल्यावरही दुहेरी जिंकली, सोमदेवने २-२ केलं, आणि पाचव्या सामन्यात युकी हरला. २०१५ मध्ये न्यूझीलंडला त्यांच्याच घरी हरवलं आणि दिल्लीत चेक प्रजासत्ताकाकडून हरलो. २०१६ मध्ये चंदीगडला कोरियाला हरवलं, मग दिल्लीत नदालच्या स्पेनने ५-० असं धुतलं. २०१७ मध्ये न्यूझीलंड आणि उझबेकिस्तानला मागे टाकलं, कॅनडात हरलो. २०१८ मध्ये चीनवर मात केली, सर्बियात पुन्हा हरलो. ओळीने पाच वर्षं जिना चढायचा, दार वाजवायचं आणि परत यायचं.

आमच्या सोसायटीतले लोक म्हणायचे, "काय हो, तुमचा भारत दरवर्षी तिथेच!" अण्णा म्हणायचे, "तिथेच राहायलाही दरवर्षी जिंकावं लागतं." हे त्यांचं म्हणणं खरं होतं. २०१२ आणि २०१३ मध्ये भारताला याच मजल्यावरून खाली घसरू नये म्हणून न्यूझीलंड आणि इंडोनेशियाविरुद्ध खेळावं लागलं होतं. मधल्या मजल्यावर कोणी बसून राहत नाही. खालून कोणीतरी जिना चढत असतंच.

त्या पाचांपैकी २०१७ ची न्यूझीलंडविरुद्धची लढत पुण्यात, बालेवाडीला होती. अण्णांचे गुडघे तेव्हा पार गेले होते, पण त्यांनी हट्टच धरला. त्रेचाळीस वर्षांनी पुण्यात डेव्हिस कप बघायचा होता त्यांना. सगळी गर्दी जमली होती लिअँडर पेससाठी. डेव्हिस कपमध्ये दुहेरीचे सर्वाधिक सामने जिंकण्याचा इटलीच्या निकोला पिएत्रांजेलीचा विक्रम ४२ चा. पेसही ४२ वरच होता. आणखी एक जिंकला की इतिहास. पण त्या शनिवारी पेस आणि विष्णुवर्धन हरले. भारत ४-१ जिंकला आणि तो एक नेमका पेसचाच. नंतर बंगळूरुच्या लढतीत तर त्याला खेळवलंच नाही.

माझ्या मुलाचं तेव्हा बारावीचं वर्ष सुरू व्हायचं होतं. शाळेच्या संघात तो राखीव होता. संघाबरोबर जायचा, पाण्याच्या बाटल्या भरायचा, दुहेरीत कोणी आजारी पडलं तर खेळायचा. एका स्पर्धेत तर एकदाही कोर्टावर उतरला नाही. घरी आल्यावर त्याने दाराशी बूट काढले. अगदी स्वच्छ, धूळसुद्धा नाही. ते बूट पाहून मला त्याच्या पराभवांच्या वेळीही आलं नव्हतं एवढं रडू आलं.

मग आला एप्रिल २०१८. तियानजिन, चीन. त्या वर्षापासून आपल्या विभागातल्या लढती तीनऐवजी दोन दिवसांत आणि पाचऐवजी तीन सेटच्या झाल्या होत्या. पहिल्याच दिवशी भारत ०-२ मागे. मुलाच्या परीक्षा नुकत्याच संपल्या होत्या. तो, अण्णा आणि मी एका मोबाईलभोवती बसलो. पेस आणि बोपण्णा पहिला सेट हरले. एक पेस चव्वेचाळिशीचा, दुसरा बोपण्णा अडतिशीचा. दुसरा सेट टायब्रेकवर घेतला, तिसराही टायब्रेकवर. पेसचा ४३ वा विजय! अण्णांनी टाळ्या वाजवल्या, पण लगेच म्हणाले, "अजून १-२ च आहे." मग रामकुमार रामनाथनने बरोबरी केली. आणि निर्णायक पाचव्या सामन्याला उतरला प्रज्ञेश गुणेश्वरन. पहिल्या दिवशी एकेरीत त्याला खेळवलंच नव्हतं. त्याने वू यिबिंगला सरळ दोन सेटमध्ये हरवलं. भारत ३-२.

मुलगा काही बोलला नाही. उठला, गॅलरीत गेला आणि बराच वेळ उभा राहिला. मी मागून जाऊन चहा ठेवला, तेव्हा म्हणाला, "आई, बाकावर बसलेला माणूसपण तयार असावा लागतो, नाही का?" चार वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला माझ्याकडून मिळालं नव्हतं. त्याने ते स्वतःच शोधलं होतं.

या मजल्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात याच गटात भारत-पाकिस्तान लढत होती. ती इस्लामाबादला व्हायची, पण सुरक्षेच्या कारणावरून कझाकस्तानच्या राजधानीत हलवली. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, म्हणून खेळ बंदिस्त कोर्टावर. जागा बदलल्याच्या निषेधात पाकिस्तानचे ऐसाम-उल-हक कुरेशी आणि अकील खान हे ज्येष्ठ खेळाडू आलेच नाहीत. त्यांच्या जागी मिसरूड फुटायच्या वयाची मुलं उतरली. एकाला आपल्या रामकुमारने ६-०, ६-० हरवलं. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फटाक्यांचे इमोजी सुरू झाले. त्याच लढतीत पेसने जीवन नेदुनचेळियनबरोबर आपला ४४ वा विजय मिळवला आणि भारत ४-० जिंकला.

अण्णा तेव्हा अंथरुणालाच खिळलेले होते. मी त्यांना फोनवरचा स्कोअर वाचून दाखवला. ते हसले आणि म्हणाले, "जिंकलो, चांगलं झालं. पण त्या पोरांचं कौतुक कर. मोठे आले नाहीत, तरी ती आली. आपल्या पोराएवढीच असतील." त्या दिवशी आमच्या घरात कोणी फटाके टाकले नाहीत. चेनच्या आईचा विचार मी एकटीच करत होते असं मला वाटायचं. अण्णाही तोच करत होते.

ती आमची एकत्र पाहिलेली शेवटची लढत. काही महिन्यांनी अण्णा गेले. आणि योगायोग असा की त्याच २०२० सालापासून आशिया-ओशनियाचा गट एकही संपला. आता मधल्या मजल्यांना जागतिक गट एक आणि जागतिक गट दोन म्हणतात आणि समोर कुठल्याही खंडातला देश येऊ शकतो. म्हणूनच नंतर आपण फिनलंडला, नॉर्वेला जाऊन खेळलो. विभागवार गट राहिले ते गट तीन आणि त्याखालचे. तिथे सात-आठ देश एकाच शहरात आठवडाभर जमतात आणि आपसांत खेळतात. प्रशांत महासागरातली छोटी छोटी बेटं तर 'पॅसिफिक ओशनिया' नावाने मिळून एकच संघ उतरवतात. एकेकट्या बेटाला संघ जमवणं कठीण, म्हणून सगळे मिळून एक. ही कल्पना अण्णांना फार आवडायची.

आमचा मुलगा आता हैदराबादला नोकरी करतो. तो टेनिसपटू झाला नाही. कुठल्याही यादीत त्याचं नाव आलं नाही. पण विद्यापीठाच्या संघातून तो दोन वर्षं दुहेरी खेळला, आणि आता त्याच्या कंपनीचा संघ शहरातल्या कंपन्यांच्या स्पर्धेत खेळतो. परवा रात्री फोन आला. मी विचारलं, "काय झालं रे सामन्याचं?"

"हरलो आई. शेवटच्या दुहेरीत. आता पुढच्या वर्षी खालच्या गटात खेळावं लागेल."

"मग?"

"मग काय? रविवारी सकाळी सहाला सराव आहे. नवीन दोन मुलं आली आहेत, त्यांना दुहेरी शिकवायची आहे." मागे कोणीतरी त्याला हाक मारत होतं. "ठेवतो ग," म्हणाला आणि फोन ठेवला.